मेलेल्यांचे नियम, जिवंतांचे पाणी

मेलेली माणसे उठून चालू लागतात ही गोष्ट कोणत्याही प्रेक्षकाला खरी वाटत नाही, आणि तरीही त्याच कल्पनेवर उभारलेली मालिका तो वर्षानुवर्षे पाहत राहतो. मात्र त्याच मालिकेत एखाद्या पात्राने तीन वर्षे धूळ खात पडलेल्या मोटारीची किल्ली फिरवताच ती सुरू झाली, की तोच प्रेक्षक वैतागतो आणि ‘काहीही दाखवतात’ असे म्हणून उठून जातो. प्रेत चालते हे मान्य आणि मोटार चालते हे अमान्य, हा वरवर पाहता दुटप्पीपणा आहे. परंतु कथानकाच्या विश्वसनीयतेचे बरेचसे शास्त्र या दुटप्पीपणातच दडलेले असून, ते समजून घेण्यासाठी अमेरिकेतील चित्रनिर्मितीगृहांपेक्षा काश्मीरमधील एक टीकाकार आणि बेंगळुरूची पाणीपुरवठा योजना अधिक उपयोगी पडतात.

भरताच्या नाट्यशास्त्रावर इसवी सन 1000च्या आसपास ‘अभिनवभारती’ ही टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत, आणि त्यांतील पहिलेच विघ्न ‘संभावनाविरह’ हे आहे. समोर जे चालले आहे ते घडू शकते असे प्रेक्षकाच्या मनाला न वाटणे, हा त्याचा अर्थ. कारण जे शक्यच वाटत नाही त्यात मन गुंतत नाही आणि मन गुंतले नाही तर रस निष्पन्न होण्याचा प्रश्नच उरत नाही. या विघ्नावर अभिनवगुप्ताने सुचवलेला उपाय दुहेरी आहे. घटना सर्वसामान्य असेल तर प्रेक्षकाच्या हृदयाशी तिचा संवाद घडावा एवढे पुरते. पण समुद्र ओलांडण्यासारखे लोकोत्तर कृत्य दाखवायचे असेल तर ते रामासारख्या नायकाच्या नावावर घालावे, कारण त्याची प्रसिद्धी लोकमानसात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली असते आणि त्या प्रसिद्धीच्या बळावर अशक्यही पचते. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात जवळपास याच प्रश्नाला हात घालताना, शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य असूनही पटणारी गोष्ट कवीने निवडावी असे म्हटले. आणि 1817 साली कोलरिजने वाचक आपला अविश्वास आपण होऊन काही काळ बाजूला ठेवतो ही कल्पना मांडली. या तिघांत अभिनवगुप्ताचे विवेचन झोंबीकथेला सर्वांत जवळचे आहे, कारण अविश्वास कशाच्या आधारावर बाजूला ठेवला जातो या प्रश्नाचे उत्तर तो देतो.

झोंबीकथेला रामाची प्रसिद्धी लाभलेली नसते. तिची उणीव ती नियमांनी भरून काढते, आणि भारतीय वाचकाला याचा सर्वांत जुना नमुना वेताळपंचविशीत सापडतो. सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त समाविष्ट केलेल्या या कथाचक्रातील वेताळ हा प्रेतात शिरून बोलणारा जीव आहे, तो प्रेतात कसा शिरतो हे कोणी विचारत नाही, परंतु त्याच्याशी व्यवहार करण्याचे दोन नियम सुरुवातीलाच ठरतात. त्याला खांद्यावरून नेणारा राजा बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकणार, आणि उत्तर माहीत असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होणार. या दोन नियमांच्या कात्रीत राजा सापडतो, त्या कात्रीतून पुढची प्रत्येक गोष्ट निघते आणि शेवटच्या प्रश्नाला राजापाशी खरोखरच उत्तर नसते तेव्हा ती कात्री नियम न मोडताच सुटते. हजार वर्षांपूर्वीच्या या रचनेत कथानकाचा तर्क जितका घट्ट आहे तितका तो कोट्यवधी डॉलर खर्चून काढलेल्या अनेक मालिकांत नसतो, हे निःसंकोचपणे म्हणता येते.

बेंगळुरूच्या परिसरात 1990च्या दशकात पसरलेली ‘नाळे बा’ची वदंता याच जातीची आहे. रात्री एक बाई ओळखीच्या आवाजात दार ठोठावते आणि दार उघडणारा मरतो, म्हणून लोकांनी दारावर कन्नडमध्ये ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवले. ती ते वाचून परत जाते, दुसऱ्या रात्री येते आणि तेच वाचून पुन्हा परत फिरते. या भुताला लिपी कळते, ते लिहिलेला शब्द पाळते आणि त्याला कालची आठवण राहत नाही, असे तीन गुण त्यातून निष्पन्न होतात, आणि तिन्ही एकमेकांशी सुसंगत आहेत. साक्षर, आज्ञाधारक आणि विसराळू असे हे भूत कोणत्याही सरकारी कचेरीत खपून गेले असते, पण तो विषय वेगळा. राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. या जोडीने ही कल्पना 2018च्या ‘स्त्री’ या हिंदी चित्रपटासाठी लिहिताना तिला मध्य प्रदेशातील चंदेरीत नेऊन ठेवले. याच जोडीने त्याआधी 2013 साली ‘गो गोवा गॉन’ या झोंबीपटाचे दिग्दर्शन केले होते आणि त्यात संसर्गाचे मूळ गोव्यातील एका मेजवानीत वाटल्या गेलेल्या नव्या अमली पदार्थात दाखवले होते. प्रेक्षकाने त्याचे रसायनशास्त्र विचारले नाही, कारण पर्यटकांच्या गोव्याविषयी त्याच्या मनात आधीच जी प्रसिद्धी होती तिच्यात हे कारण चपखल बसले.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ हा मराठी चित्रपट 26 जानेवारी 2022 रोजी प्रदर्शित झाला, आणि त्याची भिस्तही अशाच प्रसिद्धीवर आहे. डोंबिवलीतील नव्या उंच इमारती, शेजारची झोपडपट्टी आणि दोघांमधला पाण्याचा तंटा ही त्याची पार्श्वभूमी आहे. याच डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रस्ता 2020च्या फेब्रुवारीत रसायनांमुळे गुलाबी झाल्याची छायाचित्रे महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत पाहिलेली होती, आणि ज्या गावात रस्ता गुलाबी होतो तेथे दूषित पाण्यातून आणखी भलतेसलते काही उद्भवेल हे मान्य करायला प्रेक्षकाला फारसे कष्ट पडत नाहीत. बेंगळुरूतील लेखकाच्या हाताशीही असे भांडवल आहे. तेथील बेळ्ळंदूर तलावावर रासायनिक फेसाचे ढीग साचतात आणि 2017 व 2018 मध्ये त्या तलाव परिसरात लागलेल्या आगींचा धूर साऱ्या देशाने पाहिला, तेव्हा जळणाऱ्या तलावाच्या काठावर झोंबी उभा करणे हे त्यातल्या त्यात कमी धाडसाचे काम ठरेल.

नियम ठरवणे सोपे आणि पाळणे अवघड. जॉर्ज रोमेरोच्या 1968 सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने या प्रकाराचे मूळ नियम घालून दिले: मृत संथ चालतात, जिवंतांचे मांस खातात आणि मेंदू नष्ट केल्यावरच थांबतात. अटलांटाच्या परिसरात सुरू होणारी ‘द वॉकिंग डेड’ ही मालिका 31 ऑक्टोबर 2010 ते 20 नोव्हेंबर 2022 या काळात 177 भाग चालली आणि तिने या नियमांत आवाज व वास यांची भर घातली. मालिकेच्या दुसऱ्याच भागात नायक प्रेताची आतडी अंगाला फासून झोंबींच्या गर्दीतून चालत जातो, झोंबी त्याला आपल्यातलाच समजतात आणि पाऊस येऊन वास धुऊन जाईपर्यंत युक्ती उत्तम चालते. आता एकदा ही युक्ती सापडल्यावर पुढच्या प्रत्येक संकटात ती का वापरली गेली नाही, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात राहणारच, आणि मालिकेने ती अधूनमधून काढून पुन्हा दीर्घकाळ विसरून जावी हे त्याला खटकणारच. पात्रांना साधनाचा शोध लागला आहे पण कथानकाला ते साधन अडचणीचे आहे, अशा वेळी लेखक पात्रांच्या स्मृतीवर बोळा फिरवतो. ‘नाळे बा’चे भूत विसराळू असते तो नियम, नायक विसराळू होतो तो दोष.

याउलट 2019 साली आलेल्या ‘किंगडम’ या कोरियन मालिकेत किम उन-हीने नियम बदलण्याचे काम अधिक प्रामाणिकपणे केले आहे. तेथील मृत दिवसा निपचित पडतात आणि रात्री उठतात, म्हणून सर्वजण सूर्यप्रकाशामुळे बचाव होतो असे धरून चालतात. पहिल्या पर्वाच्या अखेरीस मात्र कळते की कारण प्रकाश नसून तापमान आहे आणि थंडी पडल्यामुळे ते आता दिवसाही येणार आहेत. येथे मूळ नियम अबाधित असून माणसांनी त्याचा लावलेला अर्थ तेवढा चुकलेला असतो, आणि मागे वळून पाहिल्यास आधीच्या घटनांशी तो खुलासा जुळतो. 2020च्या ‘बेताल’ या हिंदी मालिकेला हे साधले नाही. पॅट्रिक ग्रॅहम आणि निखिल महाजन यांच्या या चार भागांच्या मालिकेत 1857च्या काळातील इंग्रज पलटण मरणोत्तर उठते. कल्पना झकास आहे, परंतु ते मृत सैनिक चावतातही, बंदुकाही झाडतात, हुकूमही पाळतात आणि हळद, मीठ व राख यांच्या रेषेपुढे अडतातही. इतके सारे एकदम आल्यावर त्यांना काय येत नाही हेच कळेनासे होते, आणि ज्याची मर्यादा कळत नाही त्याची भीतीही फार वेळ टिकत नाही. वेताळाचे नाव घेताना वेताळपंचविशीतील काटकसरही घेतली असती तर बरे झाले असते.

नियमांनंतर गणित येते. प्रत्यक्षातील ज्या रोगाशी झोंबीचे साम्य सर्वाधिक दिसते तो रेबीज होय. तो चाव्यातून पसरतो, मेंदूवर हल्ला करतो, रुग्णाला कधी कधी हिंस्र करतो आणि लक्षणे दिसू लागल्यानंतर जवळजवळ नेहमीच मृत्यू ओढवतो. बेंगळुरूतील निम्हान्स, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, या रोगावरील संशोधनाचे मान्यताप्राप्त केंद्र आहे. परंतु रेबीजचा अधिशयनकाल, म्हणजे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अवधी, बहुधा एक ते तीन महिन्यांचा असतो आणि माणसाकडून माणसाला तो सहसा होत नाही. एवढ्या संथ रोगावर मालिका निघणे कठीण, म्हणून लेखक हा अवधी काही मिनिटांवर आणतात, आणि तेथेच ते एका पेचात अडकतात. अवधी मिनिटांचा असेल तर चावलेला माणूस विमानात बसून दुसऱ्या खंडात पोहोचू शकत नाही आणि जगभर साथ पसरत नाही. अवधी दिवसांचा असेल तर साथ पसरते, पण शासनाला तयारीला वेळही मिळतो. बहुतेक मालिका साथ पसरवायला दिवसांचा अवधी वापरतात आणि प्रसंगातील थरारासाठी मिनिटांचा.

साथीचे गणित मांडण्याची आजची पद्धत 1927 साली विल्यम करमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी लिहिलेल्या निबंधातून आली आहे, आणि मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्या निबंधात सूत्राशी पडताळून पाहिलेली आकडेवारी मुंबईतील प्लेगच्या मृत्यूंची आहे, डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळातील. मॅकेंड्रिक हा भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी असून कसौलीच्या पाश्चर संस्थेचा प्रमुख होता, आणि तेथे काम चाले ते पिसाळलेले कुत्रे चावलेल्या रुग्णांवरील उपचारांचे. लोकसंख्येचे बाधा होऊ शकणारे, बाधित आणि बाधेच्या फेऱ्यातून बाहेर पडलेले असे तीन गट करून ते एकमेकांत किती वेगाने मिसळतात हे ही पद्धत पाहते. कॅनडातील फिलिप मुन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली तीच झोंबींना लावली, तेव्हा सुरुवातीलाच जोरदार प्रतिकार झाला नाही तर मानवजात संपते असे उत्तर आले. 2015 साली कॉर्नेल विद्यापीठातील अभ्यासकांनी अमेरिकेच्या नकाशावर हेच करून पाहिले आणि शहरे झपाट्याने पडतात पण विरळ वस्तीचे डोंगराळ भाग दीर्घकाळ तगतात असे दाखवले. मुंबईच्या चाळींत झालेल्या मृत्यूंवर पडताळलेले सूत्र ऐंशीहून अधिक वर्षांनी काल्पनिक मृतांच्या कामी यावे, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक विचित्र प्रवास आहे.

बेंगळुरूपुरते गणित याहून सोपे करून पाहता येते. एका बाधितापासून सुरुवात होऊन बाधितांची संख्या रोज दुप्पट होते असे धरले, तर तेवीस दुपटींनंतर ती 83,88,608 होते, आणि 2011च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे 84 लाख होती. म्हणजे तीन आठवड्यांहून थोड्या अधिक काळात शहर संपले. पण दहाव्या दिवशी हा आकडा केवळ 1,024 असतो आणि निम्मे बाधित एकट्या शेवटच्या दिवशी झालेले असतात. (प्रत्यक्षात निरोगी माणसे कमी होत गेल्यावर चावायला माणूस मिळेनासा होतो आणि वेग मंदावतो, हेच करमॅक आणि मॅकेंड्रिक यांचे सूत्र सांगते.) हजार रुग्णांचा तो दहावा दिवस कथानकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, कारण त्या दिवशी पोलीस, रुग्णालये, वर्तमानपत्रे आणि मंत्रालय सगळे शाबूत असतात आणि तरीही काही तरी चुकत असते. बहुतेक मालिका नेमका हाच काळ गाळतात. ‘द वॉकिंग डेड’चा नायक त्या काळात रुग्णालयात बेशुद्ध पडलेला असतो आणि पाण्याच्या थेंबाविना कसा जगला हे कोणी सांगत नाही; आणि तो गाळलेला काळ भरून काढण्यासाठी 2015 साली काढलेली ‘फिअर द वॉकिंग डेड’ ही मालिका तिसऱ्या भागाअखेर लष्कर वस्तीत येताच थेट नऊ दिवस पुढे उडी घेते.

पाण्याचा उल्लेख निघालाच आहे तर येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण जगण्याच्या लढाईची म्हणून सांगितली जाणारी कथा खरी की खोटी हे पाण्यावरूनच सर्वांत लवकर ओळखता येते. ‘द वॉकिंग डेड’च्या दुसऱ्या पर्वात एका शेतावरील विहिरीत फुगलेला झोंबी सापडतो. त्याला तेथेच मारले तर पाणी नासेल, म्हणून नायकाचे साथीदार आपल्यातल्याच एका तरुणाला आमिष म्हणून दोराने विहिरीत सोडतात, झोंबीच्या गळ्यात फास अडकवतात आणि त्याला वर ओढतात; काठावर येता येता त्याचे शरीर मधोमध फाटते, अर्धा भाग विहिरीत कोसळतो आणि एवढ्या खटाटोपानंतर पाणी नासतेच. प्रसंग किळस आणण्यात यशस्वी होतो, पण सडलेले प्रेत पाण्यात पडल्यापासून ते पाणी प्यायच्या लायकीचे राहिलेलेच नव्हते, आणि त्या शेतावर आणखी विहिरीही होत्या. विहिरीवर वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. येथे पात्रे मूर्ख नाहीत. त्यांना मूर्ख बनवणाऱ्या लेखकाने विहिरीचे पाणी कधी शेंदलेले नसावे.

बेंगळुरूला ही कसोटी लावली तर कथानक आपोआप घडू लागते. समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून अधिक उंचीवर वसलेल्या या शहराला मोठी नदी नाही. केंपेगौडाने 1537 साली वसवलेले मूळ गाव तलाव आणि विहिरींवर जगले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्टा आणि 1933 साली तिप्पगोंडनहळ्ळी येथील जलाशयांचे पाणी शहरात आले आणि 1974पासून कावेरीचे येऊ लागले. कावेरीचे हे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून येते, आणि मुख्य म्हणजे ते उताराने वाहत येत नाही, तर तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातागुणी अशा तीन ठिकाणी पंपांनी उचलून साधारण पाचशे मीटर वर चढवावे लागते. ऑक्टोबर 2024 मध्ये उद्घाटन झालेल्या पाचव्या टप्प्याने एकट्याने दररोज 77.5 कोटी लिटर पाण्याची भर घातली. ही सारी व्यवस्था विजेवर चालते, आणि वीज गेली की नदीत पाणी असूनही शहराचा घसा कोरडा पडतो. मग गृहसंकुलांच्या जमिनीखालच्या टाक्या, गच्चीवरच्या टाक्या आणि टँकर उरतात. कूपनलिका आहेत, पण त्यांतील कित्येक हजार फुटांच्याही खाली गेलेल्या असल्याने हाताने पाणी काढणे अशक्य असते. तेव्हा बेंगळुरूतील झोंबीमालिकेत पहिल्या आठवड्यानंतर नळ सोडून तोंड धुणारे पात्र दिसले तर ती चूक मृतांच्या चालण्याहून मोठी समजावी. तेथील खरी लढाई तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून गच्चीवरच्या टाकीसाठी, मग टँकरच्या थांब्यासाठी आणि अखेर ज्या तलावांचे पाणी पिण्याजोगे राहिलेले नाही त्या तलावांच्या काठी होईल.

अशा वेळी नायकाने जावे कोठे, याचे उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दिलेले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात दुर्गबांधणीचा विचार करताना आधी पाणी पाहावे, पाणी नसेल आणि स्थळ आवश्यकच असेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, असा दंडक सांगितला आहे. तट आणि बुरूज त्यानंतरचे. परदेशी मालिकांतील वाचलेली माणसे नेमके उलट करतात: आधी भिंत पाहतात आणि तहान लागल्यावर पाणी शोधतात. बेंगळुरूच्या उत्तरेला नंदीदुर्ग सुमारे 1,478 मीटर उंचीवर असून त्याच्या माथ्यावर तलाव आहे, तेव्हा शहरातून पळणाऱ्या आणि थोडाफार विचार करणाऱ्या पात्रांनी तिकडे वळणे तर्कशुद्ध ठरते. वाटेत त्यांना पेट्रोलची चिंता करावी लागेल. साठवलेले पेट्रोल काही महिन्यांत गुण गमावू लागते आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओलावा शोषून आणखी लवकर बिघडू शकते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात फेब्रुवारी 2023 मध्ये बेंगळुरूतच झाली, हा योगायोग लेखकाने वाया घालवू नये. बंदुकांविषयी तर बोलायलाच नको. अमेरिकेत घरोघरी असलेली शस्त्रे भारतीय शहरात परवान्याशिवाय मिळत नाहीत, म्हणून येथील कथानकाला कोयता, लोखंडी सळई आणि क्रिकेटची बॅट एवढ्यावरच भागवावे लागेल, आणि कथेच्या दृष्टीने ते चांगलेच आहे.

लांबलचक मालिकांत तर्क का ढासळतो याचे एक कारण त्यांच्या धंद्यात आहे. दोन तासांच्या चित्रपटाला एक शेवट पुरतो. 177 भागांच्या मालिकेला मात्र प्रत्येक भागाअखेरीस प्रेक्षकाला पुढच्या आठवड्यापर्यंत धरून ठेवावे लागते, आणि लोकप्रिय नटांना मारणे परवडत नाही म्हणून संकट येते पण मृत्यू टळतो. ‘द वॉकिंग डेड’ने 2015च्या ऑक्टोबरमध्ये ग्लेन या आवडत्या पात्राला झोंबींच्या गर्दीत पडताना दाखवले, वरून आतडी ओढली जात असल्याचे चित्र उभे केले आणि संशय पक्का व्हावा म्हणून पुढच्या काही भागांच्या श्रेयनामावलीतून नटाचे नावही काढून टाकले, नंतर कळले की तो कचऱ्याच्या मोठ्या पेटीखाली सरकून वाचला होता. नियमाच्या दृष्टीने यात अशक्य काही नाही. प्रेक्षक संतापला तो, पात्रांऐवजी त्याचीच फसवणूक झाली म्हणून.

याहून खोल दोष माणसांच्या चित्रणात आहे. झोंबीकथा गृहीत धरते की संकट आले की माणसे सैरावैरा पळतील, शेजाऱ्याला लुटतील आणि शासन आठवडाभरात नाहीसे होईल. अमेरिकेत 1963 साली स्थापन झालेल्या आपत्ती संशोधन केंद्रात एन्रिको क्वारांटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंप, पूर आणि स्फोट यांनंतरच्या वर्तनाचा दशकानुदशके अभ्यास केला, तेव्हा सार्वत्रिक घबराट ही अपवादानेच आढळते आणि लोक बहुधा आपल्या माणसांना शोधतात, मदत करतात आणि ओळखीच्या व्यवस्थेला धरून राहतात, असे दिसले. बेंगळुरूने याचे एक उदाहरण 2012 साली पाहिले. आसाममधील हिंसाचारानंतर ईशान्य भारतीयांवर हल्ले होणार अशा अफवा मोबाइल संदेशांतून पसरल्या आणि ऑगस्टच्या मध्यावर अवघ्या काही दिवसांत ईशान्येकडील हजारो विद्यार्थी आणि नोकरदार शहर सोडून निघाले. जिवाच्या भीतीने पळणारी ही माणसे रेल्वे स्थानकावर आली आणि तिकिटांच्या रांगेत उभी राहिली. रेल्वेने गुवाहाटीकडे विशेष गाड्या सोडल्या, मंत्री आणि अधिकारी फलाटावर येऊन लोकांना थांबण्याची विनंती करू लागले आणि केंद्र सरकारने देशभर घाऊक संदेशांवर पंधरा दिवसांसाठी मर्यादा घातली. अफवेने भेदरलेला जमावही आधी तिकीट काढतो, ही गोष्ट कोणत्याही झोंबीमालिकेत दिसत नाही, आणि दाखवली तर परदेशी प्रेक्षकाला ती खोटी वाटेल.

शासन नाहीसे होते हे गृहीतकही इतिहासाला धरून नाही. साथीच्या काळात ते उलट घरात शिरते. पुण्यात 1897 साली प्लेग आला तेव्हा साथरोग कायद्याच्या आधारे सैनिक घरोघरी तपासणीला गेले, तपासणीतील जुलमाने लोक चिडले आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी ती मोहीम चालवणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडली. त्या शहराची तक्रार शासन गायब झाल्याची नसून अति जवळ आल्याची होती. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये प्लेग बेंगळुरूत पोहोचला. लोक दाट पेठा सोडून गेले, छावण्या उभ्या राहिल्या, पुढे प्लेगअम्माची देवळेही झाली. पण त्याच वेळी म्हैसूर संस्थानाने प्लेग आयुक्त नेमला, आणि ते होते कुंभकोणमच्या तंजावरी मराठी घराण्यातील व्ही. पी. माधवराव, जे पुढे म्हैसूरचे दिवाण झाले. झोंबीमालिकेत सर्वांत आधी दूरध्वनी बंद पडतो. बेंगळुरूत प्लेगच्या कामात समन्वय राहावा म्हणून 1898 साली दूरध्वनीच्या तारा टाकल्या गेल्या. आरोग्य अधिकारी नेमला गेला, शहराचे चार विभाग झाले, नव्या घरांसाठी आरोग्याचे नियम लागू झाले आणि 8 डिसेंबर 1900 रोजी व्हिक्टोरिया रुग्णालयाचे उद्घाटन लॉर्ड कर्झनच्या हस्ते झाले. दाटी कमी करण्यासाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन नव्या वसाहती रुंद रस्ते सोडून आखण्यात आल्या, आणि त्यांतील घरांच्या मागच्या बाजूने सफाई कामगारांना ये-जा करण्यासाठी ठेवलेल्या बोळी आजही अनेक ठिकाणी शाबूत आहेत.